ट्रकच्या अपघातानंतर भरपाईचा दावा कसा करायचा: घरच्यांसाठी पहिल्या दिवसापासूनची माहिती

ट्रकच्या धडकेत घरातलं माणूस गेलं किंवा कायमचं जायबंदी झालं, पोलिसांनी ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवला, म्हणजे आता भरपाई आपोआप मिळेल, असं बहुतेक घरांत धरून चालतात. तसं होत नाही. पोलिसांची केस आणि भरपाईचा दावा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिल्यात सरकार ड्रायव्हरविरुद्ध उभं असतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं आणि त्यात जास्तीत जास्त ५ वर्षांची कैद आहे. त्या खटल्यात तुम्ही फार तर साक्षीदार असता. दुसरं प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतं. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच बसतं आणि तिथे ड्रायव्हर, ट्रकचा मालक व विमा कंपनी अशा तिघांविरुद्ध दावा तुम्हालाच दाखल करावा लागतो. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी हा दावा बुडत नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी तितकी कडक नसते. ड्रायव्हरची चूक असण्याची शक्यता जास्त दिसते एवढं दाखवलं तरी पुरतं.

या दाव्याचा निकाल बराचसा पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या कागदांवर ठरतो. घरात सुतक असतं, माणूस अतिदक्षता विभागात असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत कागद सांभाळायचे असतात. म्हणून घरातल्या सर्वांत जवळच्या माणसावर हे काम टाकू नका. भाचा, मेहुणा, शेजारी, ज्याचं डोकं त्यातल्या त्यात शांत आहे अशा एकाकडे सगळे कागद, बिलं आणि फोन नंबर सोपवा. फाइल एकच ठेवा आणि ती एकाच माणसाच्या हातात राहू द्या.

पहिले दोन दिवस

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमीला उचलून नेणाऱ्या माणसाला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये त्याला संरक्षण आहे. अशा माणसाचं नाव आणि नंबर तेवढा विनंती करून घ्या. पुढे तो साक्षीला उभा राहिला तर फार मोठा आधार होतो. आला नाही तर राग धरू नका, त्याने जीव वाचवायला हात लावला हेच मोठं.

रुग्णालयात प्रवेश घेताना दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे 'रस्त्यावरील अपघात' अशी नोंद आणि मेडिको-लीगल केस (रुग्णालयाने पोलिसांना कळवायची नोंद) झाली आहे का. पेशंट 'पडला' असं कुणी घाईत लिहून गेलं, तर विमा कंपनीचा वकील तोच कागद दोन वर्षांनी बाहेर काढतो. दुसरी म्हणजे कॅशलेस योजना. मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची योजना लागू आहे. तीत नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार कॅशलेस मिळतो. प्रवेशाच्या खिडकीवर तिचं नाव घेऊन विचारा, कारण न विचारता कुणी सांगेलच असं नाही.

घटनास्थळी जाणं शक्य असेल तर कुणाला तरी त्याच दिवशी पाठवा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या. ट्रकच्या पुढच्या-मागच्या दोन्ही नंबरप्लेट, टायरच्या घासल्याच्या खुणा, काचांचा सडा, दुभाजक, वळण, पथदिवे चालू होते की बंद. ट्रक उभा असताना मागून धडक बसली असेल तर अंधार पडल्यावर पुन्हा जा. मागच्या बाजूची परावर्तक पट्टी होती का, की चिखलाने माखली होती? टेललाइट फुटलेल्या होत्या का? बंद पडलेल्या ट्रकभोवती चार दगड आणि झाडाची एक फांदी एवढाच 'इशारा' होता का? हे सगळं फोटोत आलं पाहिजे. क्रेन आली की तासाभरात रस्ता मोकळा होतो आणि मग दाखवायला काहीच उरत नाही.

टोलनाका, पेट्रोल पंप, ढाबा यांच्या सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस टिकत नाही, जुन्यावर नवं चढत जातं. म्हणून पहिल्याच आठवड्यात तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: अमुक नाक्यावरचं, अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं चित्रण जप्त करावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा आवक शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही.

एफआयआर आणि पंचनामा

अपघात नाशिक जिल्ह्यात झाला आणि तुम्ही लातूरचे असाल, तरी फिर्याद जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही, ती झिरो एफआयआर म्हणून नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती घेऊन खाली बसून सावकाश वाचा. ट्रकचा नंबर बरोबर आहे का? वेळ, दिशा, कोण कुठे बसलं होतं, हे जुळतं का? धांदलीत काही चुकलं किंवा 'अज्ञात वाहन' असं लिहिलं गेलं आणि नंबर नंतर कळला, तर पुरवणी जबाब द्या. जितका उशीर होईल तितका 'नंबर मागाहून घुसडला' हा आरोप बळकट होतो.

घटनास्थळ पंचनाम्याकडे लोक लक्ष देत नाहीत. माझ्या मते सगळ्या फाइलीत हा सर्वांत मोलाचा कागद. समजा दुचाकीवाला डाव्या कडेने चालला होता आणि मागून ट्रकने उडवलं. ट्रकमालकाचा वकील म्हणणार, दुचाकी अचानक मध्ये आली. आता पंचनाम्यात हेडलाइटच्या काचांचे तुकडे आणि रक्ताचा डाग कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, मातीच्या साइडपट्टीवर नोंदले असतील, तर त्या एका ओळीने दुचाकी कुठे होती ते दिसतं. तेच तुकडे नुसते 'रस्त्यावर' असं लिहिलं तर काहीच कळत नाही. पंचनामा होताना घरचा कुणी तिथे असेल तर अंतरं टेपने मोजून लिहा, अशी विनंती नक्की करा. कच्चा नकाशा काढला जातो, त्यात दिशा आणि रस्त्याची रुंदी आली आहे का ते बघा.

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांवर ठरावीक मुदतीत अहवाल देण्याचं बंधन आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अपघात अहवाल (डीएआर) ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. ड्रायव्हर आणि मालकाने आपापली माहिती ३० दिवसांत भरून द्यायची असते. या अहवालांच्या प्रती पीडिताच्या कुटुंबाला मिळतात. तपास अधिकाऱ्याला सरळ विचारा, 'साहेब, डीएआर कधी जाणार?' हे शब्द घरच्यांच्या तोंडून आले की समोरच्यालाही कळतं की यांना नियम माहीत आहेत. न्यायाधिकरण या सविस्तर अहवालालाच दावा अर्ज धरू शकतं, पण त्यावर विसंबून स्वतःचा अर्ज लांबवू नका.

ट्रकचे कागद, आणि 'ब्रेक फेल'

ट्रकच्या अपघातात कारच्या अपघातापेक्षा जास्त कागद असतात, आणि ते तुमच्याच उपयोगाचे असतात. नोंदणी पुस्तक, फिटनेस, पर्मिट, विमा पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स हे पाच तर हवेतच. त्याशिवाय मालाची बिल्टी (वाहतुकीची पावती), ई-वे बिल, वजनकाट्याची पावती, फास्टॅगच्या नोंदी आणि गाडीला असेल तर जीपीएसची नोंद. फास्टॅगवरून दोन नाक्यांमधला वेळ कळतो, त्यातून वेग निघतो आणि ड्रायव्हर किती तास सलग चालवत होता याचाही अंदाज येतो. काट्याची पावती जास्त माल भरल्याचं दाखवते. हे कागद ट्रान्सपोर्टवाला स्वतःहून देणार नाही. ते जप्त करावेत असा अर्ज पोलिसांना द्या, आणि दावा सुरू झाल्यावर ते हजर करण्याचा आदेश वकिलांमार्फत न्यायाधिकरणाकडून मागा. विम्याचा तपशील पोलिसांकडून किंवा आरटीओकडून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला तरी विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं.

घाटात, उतारावर अपघात झाला की हमखास एक शब्द ऐकू येतो: ब्रेक फेल. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किंवा बोरघाटात हे किती वेळा वाचलं असेल. ऐकणाऱ्याला वाटतं, मग ड्रायव्हर तरी काय करणार, देवाची करणी. कायदा तसं मानत नाही. ब्रेक निकामी झाले असं म्हणणाऱ्या मालकालाच सिद्ध करावं लागतं की गाडीची देखभाल नीट केली होती आणि एवढी काळजी घेऊनही दोष कळणं शक्य नव्हतं. शिवाय न्यूट्रलवर गाडी सोडून डिझेल वाचवण्याची सवय, मर्यादेपेक्षा जास्त माल, झिजलेले लायनर, ही ब्रेक न लागण्याची नेहमीची कारणं आहेत आणि ती सगळी निष्काळजीपणातच मोडतात. अपघातानंतर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून अहवाल देतो. त्याची प्रत मागाच. त्यात ब्रेक चालू स्थितीत असल्याचं लिहिलेलं असेल तर ब्रेक फेलची गोष्ट तिथेच संपते.

उभ्या ट्रकला मागून धडकलेल्यांच्या घरच्यांना तर अनेकदा दावाच नाही असं सांगितलं जातं, 'चूक तुमच्याच माणसाची'. ऐकू नका. रात्री दिवे आणि परावर्तक नसताना रस्त्यात उभ्या असलेल्या गॅस टँकरवर कार आदळल्याच्या अर्चित सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पूर्ण जबाबदारी टँकरवर टाकली होती. प्रत्येक वेळी इतकं होईल असं नाही. काही टक्के चूक मृताची धरून तेवढी रक्कम कापली जाते, तेही चालतं. पण दावाच न करणं म्हणजे हक्काच्या सगळ्या रकमेवर पाणी सोडणं.

वकील कसा निवडायचा

रुग्णालयाच्या आवारात, कधी शवागाराच्या बाहेरसुद्धा, एक माणूस भेटायला येतो. अगदी आपुलकीने बोलतो, चहा पाजतो, 'खर्च सगळा आमचा, मिळाल्यावर तीस टक्के द्या' म्हणतो आणि कोऱ्या कागदांवर, कोऱ्या वकीलपत्रावर सह्या मागतो. हात जोडून नाही म्हणा. वकिलाने गिऱ्हाईक शोधत फिरणं आणि भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवणं, दोन्ही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आधी ठरवा, रक्कम लिहून घ्या, पावती घ्या. न्यायाधिकरणात रोज उभा राहणारा वकील शोधायचा असेल तर जिल्हा न्यायालयात जाऊन मोटार अपघात दाव्यांचा दिवसाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघा, दोन-तीन नावं वारंवार दिसतील. त्यांच्याकडे जाऊन विचारा: दावा कधी दाखल कराल, उत्पन्नाचा पुरावा काय देणार, डॉक्टरांची साक्ष घेणार का? नीट उत्तरं देणारा वकील निवडा.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय त्याच आवारात असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. विधवा पत्नी दावा करत असेल तर ती स्त्री म्हणूनच पात्र ठरते, तिचं उत्पन्न कुणी विचारायचं कारण नाही. फोन नंबर १५१००.

मुदत आणि ठिकाण

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा, म्हणजे ड्रायव्हरची चूक दाखवून करायचा दावा अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत दाखल करायचा असतो. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, त्याचा निकाल लागेपर्यंत मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. तरीही ६ महिन्यांचीच तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. अंतरिम आदेश बदलू शकतो.

दावा अपघाताच्या जिल्ह्यातच करावा लागतो असं नाही. तुम्ही राहता किंवा कामधंदा करता त्या जिल्ह्यातही करता येतो. बीडच्या ऊसतोड कुटुंबाला कोल्हापूरला हेलपाटे घालायची गरज नाही. पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील असे कायदेशीर वारस मिळून एकच अर्ज करतात, अज्ञान मुलांच्या वतीने पालक सही करतो. प्रतिवादी करताना मालक म्हणून नोंदणी पुस्तकावर नाव असलेल्यालाच धरा. 'गाडी मी मागेच विकली' हे मालकाचं उत्तर आरटीओत नाव बदललेलं नसेल तर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कुणाची चूक हा वाद नको असेल, तर कलम १६४ खाली ठरलेली रक्कम मिळते: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. हा मार्ग सोपा आहे, पण एकदा तो घेतला की कलम १६६ चा दावा करता येत नाही. कमावतं माणूस गेलं असेल आणि चूक ट्रकची असेल तर घाईने ५ लाखांवर समाधान मानू नका. का, ते पुढच्या आकड्यांवरून दिसेल.

रक्कम कशी ठरते

३२ वर्षांचा इलेक्ट्रिशियन, स्वतःचा धंदा, महिन्याला २०,००० रुपये मिळवणारा. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वर्षाचे २,४०,०००. वय ४० च्या आत आणि पगारी नोकरी नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: ३,३६,०००. अवलंबून असलेले चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा: २,५२,०००. ३१ ते ३५ या वयासाठी गुणक १६. गुणाकार झाला ४०,३२,००० रुपये. याशिवाय अंत्यविधी आणि मालमत्तेच्या हानीसाठी प्रत्येकी १५,०००, आणि पत्नी, मुलं, आई यांना सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी ४०,०००. या ठरावीक रकमा २०१७ च्या प्रणय सेठी निकालातल्या आहेत आणि दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवायला सांगितलं आहे. गुणकांचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला: २५ वर्षांपर्यंत १८, मग वयाप्रमाणे उतरत ६५ च्या पुढे ५.

आता समजा उत्पन्नाचा पुरावाच नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने महिन्याला १२,००० धरले. सगळं गणित तेच, पण उत्तर २४,१९,२०० येतं. महिन्याच्या ८,००० रुपयांच्या फरकाने १६ लाखांहून जास्त रक्कम गेली. म्हणूनच कागद, कागद म्हणत राहावं लागतं. नोकरदाराचा पगारपत्रक आणि फॉर्म १६ वर निभाव लागतो. धंदेवाल्याचं बँक खातं, यूपीआयच्या नोंदी, बिलबुकं, गुमास्ता परवाना, ठेकेदाराचं पत्र, रिटर्न भरले असतील तर तेही. शेतकऱ्याचा सातबारा, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, कारखान्याची ऊस बिलं, दूध संघाचं पासबुक. गृहिणी गेली असेल तरी तिच्या घरकामाचं मोल धरलं जातं. 'ती काही कमवत नव्हती' असं आपणच साक्षीत म्हणायचं नाही, कारण ते खरंही नाही.

विम्याच्या स्वतंत्र पॉलिसीची रक्कम, उदाहरणार्थ एलआयसीची, या भरपाईतून वजा होत नाही. शेतकरी कुटुंबाने तालुका कृषी अधिकाऱ्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्जही लगेच करावा, मृत्यूसाठी २ लाखांची तरतूद आहे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे आणखी २ लाख असतात, पासबुकात नोंद शोधा.

जखमी असेल तर

इथे अपंगत्वाचा दाखला आणि त्यामुळे कामावर झालेला परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या सिद्ध कराव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार निकालात हे नीट समजावून सांगितलं आहे. पाय गुडघ्याखाली गेलेल्या गवंड्याच्या दाखल्यावर ६० टक्के लिहिलं असलं तरी तो परांचीवर चढूच शकत नाही, म्हणजे त्याच्या धंद्यापुरतं नुकसान त्याहून कितीतरी जास्त आहे. बसून काम करणाऱ्या कारकुनाचं तेवढं नसेल. म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घ्यायला लावा. नुसता कागद जोडला की विमा कंपनी त्यावर हरकत घेते.

सगळी बिलं तारखेनुसार लावा, औषधांच्या चिठ्ठ्यांसकट. रिक्षा-टॅक्सीचे खर्च, सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा पगार, पुढच्या ऑपरेशनचं डॉक्टरांचं खर्चपत्रक, कृत्रिम पायाची किंमत आणि तो काही वर्षांनी बदलावा लागतो हे लिहिलेलं पत्र. मेडिक्लेमवाले मूळ बिलं ठेवून घेतात, म्हणून देण्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढून रुग्णालयाचा शिक्का मारून घ्या.

विमा कंपनी काय म्हणेल

कायद्याप्रमाणे अपघाताची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने तडजोडीची रक्कम सुचवायची असते. ती आली तर वरचं गणित करून बघा, वकिलांना दाखवा आणि मगच होकार द्या. होकार दिला की न्यायाधिकरण तशी नोंद करतं आणि प्रकरण मिटतं.

लढत झाली तर ठरलेले मुद्दे येतात: लायसन्स नव्हतं किंवा वेगळ्या प्रकारचं होतं, पर्मिट नव्हतं, फिटनेस संपलं होतं. यात घाबरण्यासारखं फार नाही. तुम्ही त्रयस्थ आहात, मालकाने अटी मोडल्या तर अशा बऱ्याच प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की आधी कुटुंबाला पैसे द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा. छोट्या टेम्पोच्या बाबतीत तर लायसन्सचा वाद बराच मिटला आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, असं घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. मोठ्या ट्रकला मात्र अवजड वाहनाचं लायसन्सच लागतं.

खरी अडचण मालवाहू गाडीत बसून जाणाऱ्यांची. ट्रकमध्ये किंवा टेम्पोत फुकट वा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी निकालात ठरवलं. पण स्वतःचा माल घेऊन त्याच्यासोबत जाणारा मालाचा मालक या नियमातून सुटतो, म्हणजे त्याची भरपाई कंपनीवर येते. कांदा लासलगावला घेऊन निघालेला शेतकरी केबिनमध्ये बसला होता आणि गाडी उलटली, तर तो कांदा त्याचा होता हे दाखवणारा कागद हवा: बिल्टी, काटापट्टी, व्यापाऱ्याशी झालेलं बोलणं मोबाइलवर असेल तर ते. हा एक कागद नसल्याने दावा विमा कंपनीवरून घसरून कर्जबाजारी टेम्पोमालकावर येतो, आणि त्याच्याकडून काही मिळणं दुरापास्त.

ट्रकला विमाच नसेल तर तपास अधिकाऱ्याला आणि न्यायालयाला लेखी कळवा की गाडी तारणाशिवाय सोडू नये. नियमांत तशी तरतूद आहे, आणि मालकाने तीन महिन्यांत तारण दिलं नाही तर गाडीचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करता येते. एकदा गाडी सुटून परराज्यात गेली की मागे धावण्यात अर्थ उरत नाही.

तडजोडीसाठी घरी आलेली माणसं

दहाव्या-बाराव्याच्या सुमारास मालकाकडचं कुणीतरी गावातल्या ओळखीच्या माणसाला घेऊन येतं. पन्नास हजार, लाख देऊ करतं आणि 'आमची काही तक्रार नाही' असं प्रतिज्ञापत्र मागतं. दिवसकार्याला पैशांची नड असेल तर मी कुणाला दोष देणार नाही. पण सही करण्याआधी तो कागद वकिलांना दाखवा. त्यात 'अपघात आमच्याच माणसाच्या चुकीने झाला' किंवा 'यापुढे भरपाई मागणार नाही' अशी ओळ असेल, तर ती पुढे तुमच्याविरुद्ध वापरली जाणार. मदत म्हणून दिलेले पैसे असतील तर 'मदत' एवढंच लिहिलेली पावती द्या.

लोकअदालतीची तडजोड मात्र वेगळी. तिथे रक्कम थोडी कमी झाली तरी पैसे लवकर हातात पडतात, आणि घरात कमावतं कुणी नसेल तर त्या लवकर मिळण्याला मोठी किंमत आहे. फक्त लक्षात ठेवा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

ट्रक पळून गेला, किंवा गेलेला माणूस ट्रकचाच ड्रायव्हर होता

वाहन सापडलंच नाही तर सरकारी हिट अँड रन योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात द्यायचा, मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. पुढे ट्रक सापडून नियमित दाव्यात भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते, पण त्यामुळे ती घ्यायला कचरू नका.

ड्रायव्हर आणि क्लीनर हीही कुणाच्या तरी घरची माणसं. कामावर असताना ते गेले किंवा जखमी झाले, तर सामाजिक सुरक्षा संहितेखाली (२१ नोव्हेंबर २०२५ च्या आधी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली) मालकाविरुद्ध दावा होतो आणि तिथे स्वतःची चूक नव्हती हे सिद्ध करावं लागत नाही. समोरच्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावाही करता येतो, पण दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. कुठे रक्कम जास्त बसते हे आधी मोजून घ्या. ट्रकमालक स्वतःच चालवत होता तर त्याच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण बघा. बऱ्याच घरांना ते होतं हेच माहीत नसतं.

निकालानंतर

निवाड्यातली रक्कम दाव्याच्या तारखेपासूनच्या व्याजासह मिळते. मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहते, पत्नीच्या वाट्यातलीही काही रक्कम बऱ्याचदा तशीच ठेवली जाते आणि व्याज खात्यावर येत राहतं. खातं तिच्या एकटीच्या नावाचं, राहत्या गावाजवळच्या बँकेतलं हवं. दीर-सासऱ्यांसोबत संयुक्त खातं उघडू नका. शिक्षणासाठी किंवा घरासाठी मुदतीआधी पैसे लागले तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून काढता येतात.

रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. महाराष्ट्रात तुमच्या जिल्ह्याप्रमाणे ते मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूरला जाईल. कंपनीने अपील केलं म्हणून पैसे थांबतातच असं नाही. उच्च न्यायालयाने स्थगिती दिली नसेल तर वसुलीचा अर्ज करता येतो, आणि स्थगिती देतानाही बहुधा रक्कम भरायला सांगितली जाते, त्यातला काही भाग तुम्हाला काढता येतो. मालकाकडून वसुली व्हायची असेल तर न्यायाधिकरणाकडून कलम १७४ खालचा वसुली दाखला मागा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी मालकाच्या मालमत्तेवर वसुली लागते. दाखला पाठवल्यावर तहसील कार्यालयात त्याचा आवक क्रमांक घ्या आणि दर महिन्याला त्याच क्रमांकाने चौकशी करत राहा.